‘किती आहेत?’ या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय कागदावर जरा कोरडा दिसतो. शाळेत जाण्याआधीच्या, म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गणित किती समजतं हे तपासायचं कसं? आणि ते मूल ऐकू न येणारं, न दिसणारं, उशिरा बोलणारं किंवा सावकाश शिकणारं असेल, तर काय करायचं? पण या तपासणीच्या शेवटी एक अहवाल तयार होतो. त्यात पाच वर्षांच्या मुलाबद्दल एक वाक्य लिहिलेलं असतं, ‘संख्याज्ञान नाही’ असं काहीतरी. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात जाणार हे पुष्कळदा त्या वाक्यावर ठरतं. तर अशी वाक्यं लिहायची पद्धत कुठून आली आणि तिच्यावर कोणी कोणी शंका घेतली, ते आज बघू या.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळीच मुलं वर्गात येऊन बसली, आणि वर्गाबरोबर न चालणारी मुलं पहिल्यांदाच सरकारच्या डोळ्यांवर आली. १९०४ मध्ये शिक्षणखात्यानं या मुलांसाठी एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ त्या समितीत होते. त्यांनी थिओडोर सिमाँ या डॉक्टरांबरोबर १९०५ मध्ये आपली प्रसिद्ध चाचणी काढली, आणि १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयाप्रमाणे लावले. त्यात गणिताचे प्रश्न अगदी घरगुती आहेत. पाच वर्षांच्या मुलानं चार नाणी मोजून दाखवायची, सात वर्षांच्या मुलानं तेरा. नाणं म्हणजे ‘सू’, त्यांच्याकडचा ढब्बू पैसाच म्हणा. ओळीनं मांडलेली नाणी बोट लावत मोजायची.

किती सोपं वाटतं! पण थोडं थांबून बघा, या एका प्रश्नात किती गोष्टी एकदम मागितल्यात. परीक्षक काय म्हणतो ते ऐकू आलं पाहिजे आणि कळलं पाहिजे. एक, दोन, तीन हे शब्द क्रमानं तोंडातून निघाले पाहिजेत. शब्द आणि बोट यांची जोडी जमली पाहिजे, एका नाण्यावर दोनदा बोट पडता कामा नये. आणि शेवटी, ‘चार’ हा फक्त चौथ्या नाण्याला म्हटलेला शब्द नाही, ते सगळ्यांचं मिळून उत्तर आहे, हे समजलं पाहिजे. खरं गणित बहुतेक या शेवटच्या पायरीत आहे. पण गुण एकच, बरोबर किंवा चूक. ज्या मुलाच्या हाताचा कंप थांबत नाही ते तिसऱ्या पायरीवर अडतं, ज्याला ऐकू येत नाही ते पहिल्याच पायरीवर, आणि तक्त्यात दोघांच्याही नावापुढे तीच फुली.

बिनेंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्यावर थोडा अन्याय होतो. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि कायमची असते, हे मत त्यांना मान्य नव्हतं. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे प्रकारही सुचवले होते. पण १९११ मध्ये ते गेले. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये याच चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली, आणि बुद्ध्यंक नावाचा आकडा जगभर गेला. तो आपल्याकडेही आला. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, आणि ‘बिने-कामत’ हे नाव विशेष शिक्षणात काम करणाऱ्या आपल्या लोकांच्या अजून तोंडी आहे. म्हणजे पॅरिसची ती नाणी आपल्यापासून फार लांब नाहीत.

याला समांतर एक दुसरी वाट होती. चाचणीच्या इतिहासात ती सहसा सांगत नाहीत, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. एदुआर सेगँ हे फ्रेंच डॉक्टर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवत. १८४६ मध्ये त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावात अशा मुलांसाठी जो शब्द आहे तो आज शिवी म्हणून वापरतात, त्या काळी ती वैद्यकीय संज्ञा होती. सेगँ यांच्याकडून मारिया माँटेसरींनी तीन टप्प्यांचा पाठ घेतला. पहिल्या टप्प्यात बाई सांगतात, ‘हे दोन.’ दुसऱ्यात विचारतात, ‘दोन कुठले, दाखव बघू?’ आणि तिसऱ्यात, ‘हे किती?’

मधला टप्पा बघा. ‘दाखव’ म्हटलं की मुलाला बोलायची गरज उरत नाही. बोट करेल, नजर टाकेल, उचलून देईल. ज्याला ‘दोन’ हा शब्द उच्चारता येत नाही, पण दोन म्हणजे काय हे माहीत आहे, असं मूल इथे सापडतं. नाण्यांच्या चाचणीत ते हरवलं असतं.

माँटेसरींनी आधी रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम केलं आणि मग १९०७ मध्ये सान लोरेंझो वस्तीत बालगृह काढलं. त्यांची साधनं बहुतेकांनी पाहिलेली असतील. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या लाल-निळ्या दांड्या, हात फिरवायचे खरखरीत अंक, आणि चात्यांची पेटी. या पेटीत शून्य ते नऊ असे कप्पे आणि बरोबर ४५ चात्या असतात. कुठे एक जास्त पडली तर शेवटच्या कप्प्यात कमी पडते. चूक झाली हे मुलाला पेटी सांगते, बाईंना सांगावं लागत नाही. मूल खेळत असतं आणि बाई बघत असतात, तीच तपासणी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी ही पद्धत भावनगरला रुजवली. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गेल्या, आणि अनुताई वाघांबरोबर त्यांनी महागड्या साधनांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या वस्तू आणल्या. खडे, बिया, शिंपले मोजायला कुणाला परवाना लागतो?

आता पियाजे. जाँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांचं मुलाच्या संख्याकल्पनेवरचं पुस्तक १९४१ चं. त्यातला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या ओळी मांडायच्या आणि विचारायचं, दोन्हीकडे सारखे आहेत का? मूल हो म्हणतं. मग परीक्षक एक ओळ पसरवतो आणि पुन्हा तेच विचारतो. चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं, लांब ओळीत जास्त आहेत. निष्कर्ष असा निघाला की या वयात संख्येची खरी समज नसते, ती सहा-सात वर्षांच्या सुमारास येते. बालवाडीत गणित तपासण्यात फारसा अर्थ नाही, असं यावरून पुष्कळांनी ठरवून टाकलं.

या निष्कर्षाला धक्का दिला एका खोडकर अस्वलानं. एडिंबरामध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७० च्या दशकात तोच प्रयोग ८० मुलांबरोबर केला. फक्त ओळ विस्कटायचं काम परीक्षकाकडून काढून खेळण्यातल्या टेडी अस्वलाला दिलं. अस्वल येतं, खेळाची नासधूस करतं. मग विचारायचं, आता सारखे आहेत का? या वेळी निम्म्याहून जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. परीक्षकानं स्वतः ओळ हलवली तेव्हा हे प्रमाण जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकं होतं. मुलं तीच, वस्तू त्याच.

मग फरक कशाचा? आपल्या घरातलंच बघा. मोठं माणूस काहीतरी मुद्दाम करतं आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं, तेव्हा मूल काय समजतं? आपलं पहिलं उत्तर चुकलं. ‘नक्की का?’ म्हटलं की आपणही डगमगतो की! मूल संख्येचा विचार करत असतं तसा विचारणाऱ्याच्या मनाचाही करत असतं. डोनाल्डसन बाईंनी हे १९७८ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. त्याच वर्षी रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी मोजण्याची पाच तत्त्वं सांगितली आणि तीन-चार वर्षांच्या मुलांतही ती दिसू लागतात हे दाखवलं. पियाजेंच्या कामाची किंमत यानं कमी होत नाही. पण ‘येत नाही’ म्हणायच्या आधी प्रश्न बदलून बघायचा, ही शिस्त इथून आली.

१९९० च्या सुमारास कॅरेन विन यांनी एक साधी गोष्ट वापरली. मुलाला म्हणायचं, ‘मला तीन दे.’ दहापर्यंत घडाघडा म्हणणारं मूल मूठभर उचलून देतं! विन यांना दिसलं की मुलं ‘एक’ आधी शिकतात, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यानंतर कधीतरी मोजण्याचा सगळा नियम एकदम उमगतो. म्हणजे अंक पाठ म्हणणं आणि संख्या समजणं या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरल्या. पाठांतरावर खूश होणाऱ्या आपल्यासारख्या आईबापांनी हे जरा लक्षात ठेवायला हवं.

आता ज्या मुलांपासून आपण सुरुवात केली त्यांच्याकडे येतो. २००४ मध्ये झारफाती, नुन्येस आणि ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या बहिऱ्या मुलांना शब्दांशिवाय तपासलं. ठोकळे दाखवायचे, झाकायचे, आणि तितकेच मांडायला लावायचे. ठोकळे एकेक करून दाखवले तेव्हा ही मुलं ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीनं होती. सगळे एकदम मांडून दाखवले तेव्हा त्यांच्याहून सरस. शाळेत पुढे बहिरी मुलं गणितात मागे पडतात हे खरं आहे, पण सुरुवातीला संख्येच्या जाणिवेतच खोट असते हे काही त्याचं कारण दिसत नाही.

अंध मुलांवर सिसिलियन यांचं १९८८ चं काम आहे. ही मुलं आधी सगळ्या वस्तूंवरून हात फिरवून अंदाज घेतात, मग एका ठरलेल्या मार्गानं जातात आणि मोजलेली वस्तू बाजूला सारतात. परीक्षक जर म्हणाला की वस्तू हलवायच्या नाहीत, तर त्यानं डोळस मुलाचे डोळेच बांधले म्हणायचे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची तुलना १९९१ च्या एका अभ्यासात त्यांच्याइतकीच भाषा समजणाऱ्या लहान मुलांशी केली, तेव्हा मोजण्यात विशेष फरक दिसला नाही. त्याच वयाच्या मुलांशी केली असती तर वेगळंच चित्र आलं असतं. तुलना कुणाशी करायची, हाही परीक्षकाचाच निर्णय असतो.

आणि मराठीचं काय? चाचण्या बहुतेक इंग्रजीत घडल्या, आपण भाषांतर करतो. ‘जमेल तितकं पुढे मोज’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ ‘दहा-एक’. अमेरिकन आणि चिनी मुलं दहापर्यंत बरोबरीनं मोजतात, खरा फरक त्यापुढे पडतो, हे केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मराठीत तर अठ्ठावीसनंतर ‘एकोणतीस’! तीस अजून यायचे आहेत आणि नाव आधीच घेतलं. शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्र पाठ करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या फोडून वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे, पण तो वाद बाजूला ठेवू. तपासणीपुरतं बोलायचं तर, विसाच्या पुढचं मराठी मोजणं हे गणितापेक्षा कानाच्या आणि स्मरणाच्या ताकदीचं मोजमाप जास्त आहे. ज्या मुलाला शब्द धरून ठेवायला त्रास होतो, किंवा ज्याच्या घरात वारली, गोंडी, कोरकू बोलतात, त्याचे गुण इथे विनाकारण जातात.

अलीकडे एका मिनिटाच्या चाचण्या निघाल्या आहेत. अंक ओळख, मोठी संख्या कुठली ते सांग, मधली गाळलेली भर. क्लार्क आणि शिन यांनी २००४ मध्ये पहिलीच्या मुलांवर अशा चार चाचण्या तपासल्या, मग तीच कल्पना बालवाडीपर्यंत आली. अख्ख्या वर्गाकडे पटकन नजर टाकायला त्या चांगल्या आहेत. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या हातात घड्याळ देऊन तुम्ही नक्की काय मोजणार?

आपल्याकडचा नियम सांगून थांबतो, कारण पालक नेहमी विचारतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यातला एक. गणितातली अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, यातच येते. मात्र २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळत असे, आणि १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासावं लागत असे. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाच्या अहवालात कुणी हा शब्द लिहिला असेल तर विचारा, कशावरून? प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, मूल बोलून उत्तर देत होतं की दाखवून, वस्तू हलवू दिल्या का, थोडी मदत केल्यावर काय झालं? हे चार तपशील अहवालात नसतील, तर पुन्हा तपासणी मागा. घरी तोवर एक वाटीभर चिंचोके पुरतात. ‘मला दोन दे’ म्हणा, काय देते ते बघा, दोन दिवसांनी ‘तीन दे’ म्हणा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.