काळाची वाळू

'सँड्स ऑफ टाइम' म्हटलं की आजच्या तरुणांना इराणचं वाळवंट दिसतं. 2003 मध्ये आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या व्हिडिओ गेमचं ते उपशीर्षक होतं आणि 2010 च्या चित्रपटानेही तेच घेतलं. पण इंग्रजीत काळ आणि वाळू यांची सोयरीक जुळली ती वाळवंटात नव्हे, समुद्रावर. तीही दोनदा. या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या वाळू एकत्र झाल्या आहेत, एक काचेतली आणि दुसरी किनाऱ्यावरची. दोघींमध्ये पाचशे वर्षांचं अंतर आहे.

थोरली अर्थातच काचेतली. वाळूचं घड्याळ ग्रीक-रोमनांपासून चालत आलंय असा सर्वसाधारण समज आहे, त्याला आधार नाही. त्यांच्याकडे सूर्यघड्याळं होती, पाण्याची घड्याळं होती. वाळूच्या घड्याळाचं खात्रीचं म्हणावं असं जुनं चित्र इटलीत सिएना शहरात आहे. तिथल्या नगरसभेच्या वाड्यात अम्ब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने 1338-39 च्या सुमारास सुराज्याचं भित्तिचित्र काढलं. त्यात संयमाची जी स्त्रीमूर्ती आहे, तिच्या हातात हे घड्याळ आहे. पुढच्या काही वर्षांतच ते हिशेबाच्या कागदांत उतरतं. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या 'ला जॉर्ज' या जहाजाचा कारकून थॉमस डी स्टेटशॅम याने 1345-46 च्या खर्चात फ्लँडर्समधल्या स्लाइस बंदरावर घेतलेल्या 12 काचेच्या घड्याळांची नोंद केली आहे. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स 1380 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत दोन मोठ्या कुप्यांचं वाळू भरलेलं घड्याळ निघालं. ते होतं राजवाड्यात, पण यादी करणाऱ्याने त्याला नाव दिलं 'समुद्राचं घड्याळ'. या वस्तूचं माहेर कुठलं, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं.

जहाजावर पाण्याचं घड्याळ निरुपयोगी. जहाज डोलतं, पाणी हिंदकळतं, थंडीत गोठतं. बंद काचेतल्या वाळूला यातलं काही बाधत नाही. शिवाय वाळूत आणखी एक गुण आहे, आणि मला तो विलक्षण वाटतो. भांड्यातलं पाणी कमी होत गेलं की खालच्या भोकातून पडणारी धार मंदावते. वाळूचं तसं होत नाही. वरची कुपी भरलेली असो की संपत आलेली, वाळू जवळजवळ त्याच वेगाने पडत राहते. कण एकमेकांत अडकून आपला भार काचेच्या भिंतींवर टाकतात, त्यामुळे वरच्या थराचं सगळं वजन मानेवर येतच नाही. धान्याच्या कोठारांतला हा प्रकार जर्मन अभियंता यान्सेन याने 1895 मध्ये गणितात मांडला. खलाशी मात्र तोपर्यंत साडेपाच शतकं त्याच्या भरवशावर दर्यात जात होते.

आणि ती वाळू तरी कुठे होती? नदीकाठची साधी वाळू मान खरवडते, भोक मोठं होतं आणि घड्याळ पुढे पळू लागतं. म्हणून कुणी अंड्याच्या कवचांची पूड वापरली, कुणी शिशाची किंवा कथलाची भुकटी. 1393 च्या सुमाराला पॅरिसमधल्या एका गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी घर चालवण्याचं पुस्तक लिहिलं, त्यात बागकाम आणि पाककृतींबरोबर याचीही कृती आहे. थडग्यांसाठी काळा संगमरवर करवतताना पडणारा भुगा घ्यायचा, वाइनमध्ये उकळायचा, वर आलेली मळी काढायची, उन्हात वाळवायचा. असं नऊ वेळा. काळाची वाळू म्हणून ज्याची कविता झाली, ते द्रव्य कबरीच्या दगडातून, स्वयंपाकघरात, एवढ्या कष्टाने सिद्ध होत होतं.

पुढे पृथ्वीप्रदक्षिणा ठरलेल्या सफरीवर मॅगेलन 1519 मध्ये निघाला, तेव्हा सामानाच्या यादीत 18 वाळूची घड्याळं होती. जहाजावरचं नेहमीचं घड्याळ अर्ध्या तासाचं. ते उलटं करणं आणि प्रत्येक वेळी घंटेचा एक टोल वाढवणं हे पोरसवदा खलाशाचं काम. आठ टोल झाले की चार तासांचा पहारा संपला. झोपेने पेंगुळलेला पोरगा वाळू पुरती पडण्याआधीच घड्याळ फिरवून मोकळा व्हायचा. फ्रेंच खलाशी या लबाडीला 'वाळू खाणं' म्हणत. त्यात जहाजाचा हिशेब चुकायचा, कारण वेळ चुकली की आपण किती पुढे आलो तेही चुकतं. वेग मोजायला आणखी एक छोटं घड्याळ असे, 28 सेकंदांचं. गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडायची, दोन गाठींत 47 फूट 3 इंच अंतर, आणि वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचं. तेवढे सागरी मैल ताशी. विमानाचा वैमानिक आजही वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतो.

जमिनीवर आल्यावर या घड्याळाचा स्वभाव बदलला. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रवचनकाराच्या कठड्यावर ते आलं. अल्ब्रेख्ट ड्यूररने 1513 मध्ये खोदलेल्या चित्रात शूर सरदाराशेजारी घोड्यावर बसलेला मृत्यू हेच घड्याळ त्याच्यासमोर धरतो. पुढच्याच वर्षीच्या 'मेलेन्कोलिया' आणि 'संत जेरोम' या दोन्ही चित्रांत ते आहे. पुढे न्यू इंग्लंडमधल्या थडग्यांवर कवटीशेजारी त्याला पंखही फुटले. शेक्सपिअरच्या 'हेन्री सहावा'च्या तिसऱ्या भागात यॉर्कचा ड्यूक मरणाच्या दारात आपलं आयुष्य याच वाळूत मोजतो. पण मला जास्त मोलाची वाटते ती 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या पहिल्याच प्रवेशातली जागा. माझी जहाजं दर्यात असती तर वाळूचं घड्याळ बघूनही मला समुद्रातल्या उथळ वाळूची धास्ती वाटली असती, असं अँटोनियोचा एक सोबती म्हणतो. काचेतली वाळू आणि जहाज रुतवणारी वाळू तिथे शेजारी येतात.

आपल्याकडे हे काम पाण्याने केलं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, 24 मिनिटं. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधत, आणि माणसाची वेळ आली की त्याची घटका भरली म्हणत. हिंदुस्थानातल्या शहरांत घटका मोजून टोल देणाऱ्या घड्याळजींचं वर्णन बाबराने आपल्या आठवणींत बारकाईने केलं आहे. म्हणजे आपल्याकडे आयुष्य भरत जातं, युरोपात ते रिकामं होत गेलं.

दुसरी वाळू आली 1838 मध्ये. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो तेव्हा हार्वर्डला प्राध्यापक होता. तीन वर्षांपूर्वी पहिली पत्नी मेरी रॉटरडॅममध्ये वारली, ती अवघी बावीस-तेवीस वर्षांची होती. त्या दुःखातून उठताना लिहिलेली त्याची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता न्यूयॉर्कच्या 'निकरबॉकर' मासिकात छापून आली. तिच्यातल्या वाळूला काच नाही. ती किनाऱ्यावर पसरली आहे, थोर माणसं तिच्यावर पावलं उमटवून जातात, आणि जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या कुणाला ती पावलं पाहून धीर येतो. पुन्हा जहाजच. मराठी मृत्युलेखांत आणि गौरवग्रंथांत काळाच्या वाळूवर ज्या पाऊलखुणा दिसतात, त्या इथल्या.

पुढे 1857 मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅन रॉस कझिन यांनी सतराव्या शतकातल्या सॅम्युएल रदरफर्ड या धर्मोपदेशकाच्या पत्रांवरून 'द सँड्स ऑफ टाइम आर सिंकिंग' हे स्तोत्र रचलं. शब्द लाँगफेलोचेच, पण वाळू पुन्हा काचेतली, खाली उतरणारी. वीस वर्षांच्या आत तीनच शब्दांत दोन्ही अर्थ शेजारी नांदू लागले. तेव्हापासून कुणाची वाळू सरते, कुणाची पावलं वाळूवर उमटतात, आणि लिहिणारा दोन्ही एकाच दमात लिहून जातो. मला विचाराल तर माझा ओढा काचेतल्या वाळूकडे आहे. किनाऱ्यावरची वाळू आयतीच पसरलेली होती. ही मात्र कुणीतरी नऊ वेळा उकळली, उन्हात वाळवली आणि रात्रीच्या पहाऱ्यावर जागून दर अर्ध्या तासाला उलटली.