लघुग्रहांचा धोका : शक्यतेचे आकडे का वाढतात आणि का घटतात?

चिलीतील रिओ उर्तादो येथील ‘ॲटलास’ दुर्बिणीने २७ डिसेंबर २०२४ रोजी एका अंधूक लघुग्रहाची नोंद केली. ‘२०२४ वायआर४’ असे सांकेतिक नाव मिळालेला हा लघुग्रह दोनच दिवसांपूर्वी पृथ्वीजवळून निघून गेला होता. मात्र २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारी २०२५च्या अखेरीस एक टक्क्यापलीकडे गेली. १८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या ‘नासा’ने ती ३.१ टक्के असल्याचे जाहीर केले. आघाताच्या संभाव्य पट्ट्यात पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया यांचा समावेश असल्याने भारतातही चिंता व्यक्त झाली. त्यानंतर आठवडाभरातच हा आकडा ०.००४ टक्क्यांवर आला.

या काळात लघुग्रहाने आपला मार्ग बदललेला नव्हता. बदलली होती ती त्या मार्गाविषयीची माहिती. आघाताची शक्यता म्हणजे प्रामुख्याने उपलब्ध मोजमापांतील अनिश्चिततेचे गणित असते.

सूर्यापासून १.३ खगोलीय एककांपेक्षा, म्हणजे सुमारे १९.५ कोटी किलोमीटरपेक्षा कमी अंतरावर येणाऱ्या लघुग्रहांना ‘भू-समीप लघुग्रह’ म्हणतात. अशा ज्ञात लघुग्रहांची संख्या २०२५च्या अखेरीस ४० हजारांपलीकडे गेली. ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि ज्यांचा व्यास साधारण १४० मीटर किंवा त्याहून अधिक आहे, ते ‘संभाव्य धोकादायक’ गणले जातात. हे वर्गीकरण त्यांच्यावर लक्ष ठेवण्याच्या सोयीसाठी आहे. असा प्रत्येक लघुग्रह पृथ्वीवर आदळणारच, असा त्याचा अर्थ नाही.

ॲरिझोनातील ‘कॅटालिना’, हवाईतील ‘पॅन-स्टार्स’ आणि ‘ॲटलास’ या सर्वेक्षणांतील दुर्बिणी आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेतात. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकणारा प्रकाशबिंदू आढळल्यास त्याच्या स्थानाच्या नोंदी अमेरिकेतील ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे पाठवल्या जातात. त्यांच्या आधारे ‘नासा’ची ‘सेंट्री’ ही संगणकप्रणाली पुढील शंभर वर्षांतील संभाव्य आघात तपासते. युरोपीय अंतराळ संस्था आणि इटलीतील ‘निओडिस’ केंद्र हीच गणना स्वतंत्रपणे करतात.

सुरुवातीला हाती केवळ काही रात्रींच्या नोंदी असतात. त्यामुळे पुढील अनेक वर्षांनंतरचे लघुग्रहाचे स्थान एका बिंदूत न मावता लाखो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असते. पृथ्वी या पट्ट्यात असेल, तर पृथ्वीने त्याचा किती भाग व्यापला आहे, यावर शक्यता अवलंबून राहते. नव्या नोंदींमुळे पट्टा आखूड होत जातो, तरी पृथ्वीचा आकार तेवढाच राहतो. पृथ्वी जोवर पट्ट्याच्या आत असते, तोवर टक्केवारी वाढत राहते आणि पट्ट्याचे टोक पृथ्वीला ओलांडून गेले की ती झपाट्याने शून्याकडे येते. क्वचित असा पट्टा आकसत शेवटी पृथ्वीवरच येऊन थांबू शकतो. म्हणूनच वाढणारा आकडा घबराटीचे कारण नसला, तरी तो दुर्लक्षिण्याजोगाही नसतो.

याआधी ‘अपोफिस’ लघुग्रहाबाबतही असेच घडले होते. १३ एप्रिल २०२९ रोजी तो आदळण्याची शक्यता डिसेंबर २००४ मध्ये २.७ टक्क्यांवर पोहोचली होती. शून्य ते दहा अशा ‘टोरिनो’ मापनश्रेणीवर त्याला चौथी पायरी मिळाली. आजवर कोणत्याही लघुग्रहाने गाठलेली ही सर्वोच्च पायरी आहे. शोधापूर्वी घेतलेल्या छायाचित्रांत तो अनवधानाने टिपला गेल्याचे आढळले आणि २०२९मधील आघाताची भीती दूर झाली. मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनी किमान शंभर वर्षे धोका नसल्याचेही स्पष्ट केले. सुमारे ३४० मीटर व्यासाचा हा लघुग्रह २०२९ मध्ये भूस्थिर उपग्रहांच्या कक्षेपेक्षाही कमी अंतरावरून, भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल.

धोक्याचे स्वरूप आकारावरही ठरते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटरचा लघुग्रह फुटला. त्याच्या दाबलहरीने खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे १,५०० लोक जखमी झाले. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे झालेल्या स्फोटाने सुमारे २,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील वृक्ष आडवे केले. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर हेदेखील अशाच प्राचीन आघाताचे चिन्ह आहे.

एक किलोमीटरहून मोठ्या भू-समीप लघुग्रहांपैकी बहुतांश आता ज्ञात आहेत. मात्र १४० मीटरहून मोठ्या, अंदाजे २५ हजार लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अद्याप सापडलेले नाहीत. चेल्याबिन्स्कचा लघुग्रह सूर्याच्या दिशेने आल्यामुळे जमिनीवरील दुर्बिणींना दिसलाच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘नासा’ची ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण अंतराळातून शोध घेणार आहे. भारतात लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण अशा लघुग्रहांचा मागोवा घेते.

लघुग्रहाचा मार्ग बदलता येतो, हे २६ सप्टेंबर २०२२ रोजी सिद्ध झाले. ‘नासा’चे ‘डार्ट’ यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळवण्यात आले आणि डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. या धडकेने वेगात होणारा बदल अत्यल्प असतो. आघाताच्या अनेक वर्षे आधी तो घडवला, तरच लघुग्रह पृथ्वीला चुकवण्याइतका दूर सरकू शकतो.

त्यामुळे लवकर लागलेला शोध हेच या संरक्षणव्यवस्थेचे मुख्य साधन ठरते. दहा मीटरहून मोठा लघुग्रह आदळण्याची शक्यता एक टक्क्याहून अधिक झाल्यास आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळे अधिकृत सूचना जारी करते. ‘२०२४ वायआर४’बाबत अशी सूचना २९ जानेवारी २०२५ रोजी, त्याचा शोध लागल्यानंतर ३३ दिवसांनी देण्यात आली. धोका खरा ठरला असता, तर पुढील तयारीसाठी जगाच्या हाती जवळपास आठ वर्षे उरली असती.