परंड्याच्या मशिदीतील खांब

बार्शीहून परंड्यास गेले की गावाला लागूनच एक भुईकोट दृष्टीस पडतो. भोवती खंदक, आत दुहेरी तटबंदी आणि भक्कम बुरूज. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याच्याकडे या किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने जाते. १६०० साली अकबराच्या सैन्याने अहमदनगर जिंकले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून येथूनच निजामशाहीचा कारभार पुढे चालविला. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफही पूर्वी याच किल्ल्यात होती. इतिहासप्रेमी मंडळी येथे येतात ती बहुधा तोफा आणि बुरूज पाहण्यासाठी. परंतु किल्ल्याच्या आतील मशीद त्याहून अधिक काही सांगते.

मशिदीत गाभारा नसतो, मूर्तीही नसते. मक्केची दिशा दाखविणारा भिंतीतील कोनाडा, म्हणजे मेहराब, हे तिचे केंद्र. आपल्या देशात ही भिंत पश्चिमेस येते. तिच्यासमोर श्रद्धावंतांनी खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे असते, म्हणून दालन रुंद लागते. परंड्यात या दालनाचे छत पेलणारे कोरीव दगडी खांब मात्र मंदिराच्या सभामंडपातील खांबांच्या घडणीचे आहेत. यादवकालीन, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या बांधकामात घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले असतात. असे दगड सुटे करता येतात आणि दुसरीकडे पुन्हा रचता येतात. देवगिरीच्या किल्ल्यातील १३१८ सालची मशीद कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या कारकिर्दीत अशाच मंदिराच्या खांबांवर उभी राहिली. त्यामागे तयार दगडाची सोय होती, तसा विजेत्याचा दर्पही होता. यांपैकी एकच कारण सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

याच जिल्ह्यातील तेर येथे गेलो तर हा विषय आणखी मागे जातो. संत गोरोबाकाकांच्या या गावी त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठाकार. ही घडण बौद्ध चैत्यगृहाची असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे. उपासना बदलली, वास्तू राहिली.

वाचकहो, येथे आपणही अंतर्मुख व्हावयास हवे. रोम येथील पँथिऑन हे देवतांचे मंदिर ६०९ साली पोप चौथे बोनिफास यांनी पवित्र मरिया व हुतात्मे यांना समर्पित केले. तेथे सम्राटाची अनुमती होती. पण बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचे काय? सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्या शैव लेण्याचे चर्च केले. वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकल्यावर त्या सत्तेचा आधार गेला. आज त्या लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते आणि वरच्या बाजूस जुन्या ख्रिस्ती वास्तूचे भग्नावशेष उभे आहेत. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही.

मंदिराचे खांब मशिदीत पाहून कोणाचे मन दुखावले, तर ते दुःख खोटे नव्हे. पण त्या दुःखाची भरपाई आजच्या शेजाऱ्याकडून मागणे न्याय्य नाही. खांब हलविणारे हात केव्हाच मातीत मिसळले आहेत. या खांबांखाली ज्यांनी नमाज पढला, त्यांची प्रार्थनाही प्रार्थनाच होती. ते खांब ज्या अनामिक पाथरवटांनी घडविले, त्यांचे कौशल्य मात्र आज या मशिदीनेच सांभाळून ठेवले आहे. परंड्यास गेलात तर तोफा अवश्य पाहा. मग थोडा वेळ या दालनात थांबा आणि त्या खांबांवरील छिन्नीचे काम डोळे भरून पाहा.