मुलींचं वॉटर पोलो, ३२ वर्षं उशिरा

वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचे नाहीत, हे मला अलीकडेच कळलं. मग म्हटलं, इतिहासही बघू.

अमेरिकेत एनसीएए ही संघटना कॉलेजच्या पुरुषांची स्पर्धा १९६९ पासून भरवते. मुलींची? २००१ पासून! खरं तर १९७२ मध्येच 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी घातली होती. कायदा झाला, तलाव मात्र लगेच मिळाला नाही. (ऑलिंपिकनेही महिलांना २००० मध्येच घेतलं, पुरुष १९०० पासून!)

पहिल्या फायनलमध्ये यूसीएलएने स्टॅनफर्डला ५-४ हरवलं. २०२५ पर्यंत विजेते तीनच: हे दोघे आणि यूएससी. सगळे कॅलिफोर्नियाचे. २०२० मध्ये कोविडमुळे कोणीच नाही.