खबर कोणाच्या हाती?

स्वारगेटच्या चौकातून निघणाऱ्या दोन वाटा आज आपण बघणार आहोत. एक उत्तरेला, जुन्या गंज पेठेत म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुलेवाड्याकडे जाते. दुसरी दक्षिणेला मार्केट यार्डाकडे. हातात मोबाइल नव्हता तेव्हा चळवळीची खबर सामान्य माणसाला लागायची कशी, याचं उत्तर या दोन वाटांवर सापडतं.

आधी फुलेवाडा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याची बाजू मांडायला पत्र हवं, म्हणून १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते चालवलं. आता गंमत बघा. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त छापून आले आणि पुढचे भाग छापणं थांबलं. छापणारे परके नव्हते, चळवळीतलेच होते. जोतीराव संतापले, आणि तो राग त्यांनी लिहूनही ठेवला. पण त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचायचं थांबलं नाही. कारण ते नुसत्या छापील कागदावर विसंबून नव्हते. असुडाचे भाग ते लोकांसमोर वाचून दाखवत होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही ऐकता येत होतं.

आता दुसरी वाट. १९५५ साली डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. तेव्हा घाऊक व्यापार नाना-भवानी पेठांत होता, नंतर तो मार्केट यार्डात आला. हमाल टोळीनं काम करतात. टोळीत एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. आणि सांगणारा ओळखीचा असतो, खोटं बोलला तर उद्या त्याला जाब विचारता येतो! १९७४ मध्ये पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हेतू स्वस्त, पोटभर जेवणाचा. पण जिथं कष्टकरी रोज शेजारी बसून जेवतात, तिथं मोर्चा कधी, सभा कुठं, हे वेगळं सांगावं लागतं का? १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तीही याच परंपरेतली.

आज आपण काय केलंय? सभेची सूचना परक्या कंपनीच्या भिंतीवर लावतो. ती कोणाला दिसावी, हे कंपनी ठरवते. खातं बंद झालं की वर्षांची ओळख एका दिवसात पुसली जाते. आपल्या माणसाचं पत्र छापायचं थांबलं तेव्हा जोतीरावांना निदान भांडता तरी आलं. इथं भांडायचं कोणाशी?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. मोबाइल फेकू नका, पण त्याच्यावर एकट्यावर राहू नका. नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात आज काय आहे, ते जाऊन बघा. १९४८ पासून निघणाऱ्या ‘साधना’सारख्या साप्ताहिकाची वर्गणी भरा. महापालिकेची माहिती हवी, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याच्या कलम ४ नुसार बरीचशी माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करायची असते. ती मागा. आणि सभेला आलात की शेजारच्याचं नाव विचारा, पुढची सभा कधी ते त्याला सांगा. निदान दहा माणसांना फोनशिवाय निरोप पोचवता येईल, एवढी ओळख प्रत्येकानं ठेवावी.