वस्तऱ्याला धार लावताना कोन किती ठेवायचा? उत्तर पात्याच्या पाठीतच आहे

आठवडी बाजारात धारवाल्याकडे विळी, कात्री, कोयता सगळं जातं. कधी कधी कोणी आजोबांच्या पेटीतला जुना वस्तरा पण घेऊन येतं. तो पायाच्या चाकावर धरला की ठिणग्या उडतात, धार लागल्यासारखी दिसते आणि वस्तरा कामातून जातो. कारण कोयत्याची धार आणि वस्तऱ्याची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोयत्याला कानस मारताना कोन आपला हात ठरवतो. वस्तऱ्यात तो बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेला असतो.

वस्तरा हातात घेऊन नीट पाहा. धारेच्या विरुद्ध बाजूला जी जाड कड आहे ती पाठ. दोन्ही अंगांनी पातं आत खोलगट घासलेलं असतं. म्हणून सपाट दगडावर वस्तरा आडवा ठेवला की दोनच जागा टेकतात, पाठ आणि धार. मधला भाग अधांतरी राहतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन आपोआप ठरतो. हाताने अंदाज घ्यायची गरजच नाही.

हिशोब सोपा आहे. पाठीची जाडी भागिले पात्याची रुंदी, आणि आलेल्या आकड्याला ५७ ने गुणायचं. म्हणजे अंशात कोन मिळतो. मोजमाप मिलिमीटरमध्ये घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, त्याने जाडी बरोबर मिळते. पाठ ५ मिमी आणि रुंदी १८ मिमी असेल तर कोन १६ अंशाच्या जवळ येतो. दाढीच्या वस्तऱ्याला साधारण १५ ते १८ अंश चांगला मानतात. पाठ ६ मिमी आणि रुंदी तीच १८ असेल तर १९ अंश होतात, चालतं पण गालावर थोडं ओढतं. पाठ ४ मिमीवर आली तर कोन १३ च्या खाली जातो. अशी धार पहिल्या दिवशी मस्त लागते, पण पातळ असल्यामुळे खरखरीत दाढीवर तिचे बारीक कपचे उडतात. तुलनेसाठी सांगायचं तर घरातल्या चाकूचा दोन्ही बाजू मिळून कोन ३० ते ४० अंश असतो.

आता जुन्या वस्तऱ्याची गोष्ट. वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद होतं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासली असेल तर पाठही थोडी थोडी झिजते आणि कोन फारसा बदलत नाही. पण कोणी पाठ उचलून फक्त धारच घासत राहिला, तर रुंदी १८ वरून १५ वर येते आणि पाठ ५ मिमीचीच राहते. कोन झाला १९. वर पाठ उचलल्याने तो अजून वाढलेला असतो तो वेगळाच. शेतातल्या माणसाला ही सवय पटकन लागते, कारण विळा-कोयत्याला आपण पातं उचलूनच धार लावतो. वस्तऱ्याला हे चालत नाही.

कोन मुद्दाम थोडा वाढवायचा असेल तर पाठीवर वायरमनची काळी टेप एक पदर चिकटवतात. दोन्ही बाजूंचा मिळून साधारण ०.३ मिमी फरक पडतो, म्हणजे वरच्या १८ मिमीच्या पात्यावर एक अंश. पाठ घासू नये म्हणूनही टेप लावतात. मात्र ती फाटली की लगेच बदलायची, नाहीतर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असं होऊन धार वाकडी लागते.

दगड सपाट पाहिजे, ही सगळ्यात मोठी अट. आपल्याकडे घरोघरी असलेला निसणा मध्ये खड्डा पडलेला असतो. त्यावर वस्तरा ठेवला तर पाठ एकीकडे, धार भलतीकडे टेकते, मग वरचा हिशोब वाया. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासा. मधल्या रेघा राहिल्या तर खड्डा आहे. सगळ्या पुसेपर्यंत घासत राहायचं.

पहिला उतार १००० नंबरच्या पाण्याच्या दगडावर काढतात. पुढे ४०००-५०००, मग ८०००. घासताना धार पुढे, पाठ मागे. टोकाला आलं की पातं पाठीवरून पलटवायचं, धारेवरून कधीच नाही. दोन्ही बाजूंना सारखेच फेरे. दाब जवळजवळ नकोच, दाबलं की पातळ पातं वाकतं आणि कोन बिघडतो.

कोन बरोबर लागतोय का हे पाहायला मार्करची शाई उत्तम. धारेच्या उतारावर दोन्ही अंगांनी शाई लावा, चार-पाच फेरे मारा आणि भिंगातून पाहा. शाई टोकापर्यंत पुसली तर ठीक. अगदी कडेला बारीक रेघ राहिली तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही, १००० वरच थांबा. कडेची गेली पण मागची राहिली, तर तुम्ही पाठ उचलताय. हे नीट होईपर्यंत पुढच्या दगडावर जाण्यात अर्थ नाही. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग ८००० च्या दगडाला दोष देतात.

शेवटी चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरा. सैल सोडला तर चामडं धारेभोवती वळतं आणि दगडावर कमावलेला कोन गोल होतो.

चाकाचं पुन्हा सांगतो. ग्राइंडरवर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळसर रंग दिसला म्हणजे पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ पडला. मग कोन कितीही बरोबर असो, धार टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय इलाज नाही, आणि तो काढला की रुंदी कमी होऊन पुन्हा कोन वाढतो.

हा वस्तरा एकाच माणसाने वापरायचा. रक्तातून पसरणाऱ्या कावीळ ब, क आणि एचआयव्हीच्या धोक्यामुळेच सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि गिऱ्हाईकागणिक ब्लेड बदलायचं असतं. जावळ काढतानाही नवं ब्लेड समोर फोडायला सांगा, न्हावी दादा नाही म्हणत नाहीत.

वापरून झाल्यावर पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो, आणि तो धारेवर आला की १००० च्या दगडापासून पुन्हा सुरुवात.