ड्रॅको : एका बदनाम नावाची कथा

‘ड्रॅकोनियन’ हा इंग्रजी शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. एखादा कायदा अतिशय जाचक वाटला की त्याला हे विशेषण चिकटते. या शब्दामागे एक माणूस आहे आणि त्याची अर्धीच बाजू आपल्यापर्यंत पोचली, असे माझे मत आहे.

ड्रॅको हा अथेन्सचा कायदेकार. इ. स. पूर्व ६२१ च्या सुमारास त्याने तेथील कायदे लेखी स्वरूपात आणले. त्यापूर्वी न्याय म्हणजे उमराव घराणी सांगतील ती रूढी, आणि खुनाला उत्तर म्हणजे सूड. त्याच्या नावाचा ग्रीक अर्थ ‘सर्प’. त्या शब्दाचे मूळ ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूशी जोडले जाते. आपला संस्कृत ‘दृश्’ धातू त्याच कुळातला. त्यामुळे हे कायदे माणसाचे नसून सापाचे आहेत, अशी कोटी ग्रीकांनीच केली होती.

त्याची दुष्कीर्ती मुख्यतः प्लुटार्कमुळे पसरली. आळशीपणालाही आणि भाजी-फळांच्या चोरीलाही मृत्युदंड होता, हे कायदे शाईने नव्हे तर रक्ताने लिहिले होते, असे तो नोंदवतो. पण प्लुटार्क ड्रॅकोनंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात घ्यावे. अ‍ॅरिस्टॉटलही या शिक्षांना कडक म्हणतो, तेव्हा कठोरपणाची आठवण निराधार म्हणता येत नाही.

मात्र दुसरा साक्षीदार दगडाचा आहे. सोलनने इ. स. पूर्व ५९४ च्या सुमारास ड्रॅकोचे बाकी कायदे रद्द केले. मनुष्यवधाचा तेवढा ठेवला. अथेन्सने तोच कायदा इ. स. पूर्व ४०९-४०८ मध्ये शिळेवर पुन्हा कोरून घेतला. १८४३ मध्ये ती शिळा सापडली. तिच्यावरचा मजकूर काय सांगतो? हेतू नसताना हातून माणूस मेला, तर शिक्षा मृत्यूची नाही, हद्दपारीची. मृताचे वडील, भाऊ आणि मुलगे एकमताने तयार असतील तर आरोपीला क्षमाही मिळू शकते; एकाचाही विरोध असला तर नाही.

म्हणजे जाणूनबुजून केलेला खून आणि चुकून झालेला वध यांतला फरक या ‘रक्ताने लिहिलेल्या’ कायद्यात होता. सूडाचा हक्क घराण्यांकडून काढून न्यायाधीशांकडे नेण्याची ती वाट होती. भाषेने ड्रॅकोची कठोरता लक्षात ठेवली. अथेन्सने मात्र त्याचा विवेक दोनशे वर्षांनंतरही दगडात जपला. हा शब्द वापरताना ती शिळाही आठवावी, इतकेच.